युद्धजखमांची चित्रं : एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी, अमळनेर

वाचनालयाच्या वरच्या हॉलसाठी बारा पाट्या करायचं ठरलं. विषय मीच सुचवला होता: लढाईत जखमी झालेल्यांची, डॉक्टरांच्या उपयोगासाठी काढलेली चित्रं आणि ती काढणारी माणसं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात चित्रकार म्हणून माझी नोकरी झाली. चार्ट रंगवायचे, मेणाचे जुने नमुने दुरुस्त करायचे, परीक्षेच्या आधी लेबलं नव्यानं लिहायची. हेच काम लढाईच्या काळात, ताज्या जखमेशेजारी उभं राहून करणारे लोक होते, हे मला निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळलं.

पहिला निर्णय: घोडे, तोफा, धूर, झेंडे नकोत. ती काढणारे युद्धचित्रकार वेगळे. आपला माणूस सर्जनच्या कोपराजवळ उभा असतो, आणि त्याचं चित्र ज्याला हवं असतं तो दुसरा सर्जनच असतो, कुठेतरी लांब, पुढच्या जखमी माणसासमोर उभा. म्हणून प्रत्येक पाटीला एकच प्रश्न विचारायचा. चित्रकारानं काय दाखवलं, आणि काय मुद्दाम गाळलं?

समितीतले एक काका म्हणाले, खान्देशचा धागा हवा तर रॉबर्ट गिलला घ्या. मोह झाला, खोटं कशाला सांगू. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याच्या बऱ्याच नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि १८७९ मध्ये त्याचं दफन आपल्या भुसावळला झालं. पण शिपायाच्या जखमेशी त्याच्या कुंचल्याचा काही संबंध नव्हता. गिल बाहेर.

९ फेब्रुवारी

सुरुवात लंडनपासून करायची नाही, पुण्यापासून करायची. त्याला कारण आहे.

१७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. त्या शेतकऱ्याचं चित्र १७९४ मध्ये जेम्स वेल्सनं काढलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात हकीकतीसोबत ते छापून आलं.

हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रं करणारा. शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली ती याच्याच हाताखाली, आणि गंगाराम तांबट हा तिथला त्याचा शिष्य. पेशव्यांच्या दागिन्यांवरून फिरलेला कुंचला एका बैल हाकणाऱ्याच्या कपाळावरच्या वणाकडे वळला, हे पाटीवर यायलाच हवं.

मासिकात रुग्णाचं नाव कोवासजी असं आहे. नाव पारशी, मजकूर म्हणतो मराठा शेतकरी. लिहून घेणाऱ्याच्या कानावर किती भरवसा ठेवायचा ते वाचणाऱ्यानं ठरवावं. शस्त्रक्रिया करणाऱ्याची जात मात्र नोंदली आहे, विटा पाडणाऱ्यांची. नाव नोंदलेलं नाही.

कृती वाचून मी थक्क झालो. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकासारखा घडवायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेनं रेघ मारायची. मेणाचं काम तिथे संपलं. रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळा देठ तसाच ठेवायचा, कारण जोड धरेपर्यंत रक्त तिथूनच येणार. जुन्या वणाची कड खरडून कापात ही कातडी अर्धी पिळून बसवायची. जोडावर पाण्यात कालवलेला काथ फासलेल्या कापडाच्या पट्ट्या, एकावर एक पाच-सहा. चार दिवस दुसरं काही नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा.

काथ आणि तूप. दोन्ही आपल्या घरात असतात.

१६ फेब्रुवारी

आज मेणाचा पत्रा स्वतः करून पाहिला. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडून प्लॅस्टरचं एक डोकं आणलं आणि त्याचं नाक करवतीनं उतरवलं (तो हळहळला). दातांच्या कवळ्या करणारे वापरतात ते गुलाबी मेणाचे पत्रे धुळ्याला मिळतात. कोमट पाण्यात धरले की बोटाला लागतील तसे वळतात.

नाक घडवणं सोपं. कसोटी लागते ती सपाट करताना. नाकपुडीच्या बाजू, मधला पडदा, शेंडा, सगळं उघडून कपाळावर पसरलं की एक विचित्र तीन पानांचा आकार तयार होतो. शिंप्यानं बाहीचा कागद कापावा तसा. तो आकार पाहून नाक कोणाला ओळखूच येणार नाही. शिवाय तो उलटा, शेंडा केसांकडे आणि मूळ भुवयांकडे. पातळ चामड्याचा तुकडा त्या मापानं कापला, भुवयांमधल्या देठावर पिळला आणि खाली आणला, तर तो थोटकावर बरोबर बसला आणि कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहिली. पिळताना देठापाशी थोडी लांबी खर्च होते, म्हणून रेघ मेणापेक्षा जराशी मोठी मारावी लागते. ताज्या कातडीला आकसण्याची सवय, ते धरून आणखी थोडी. प्लॅस्टरवर कातडी आकसत नाही, पण कारागिराच्या हाताला ते माहीत असणार.

इथे माझ्या डोक्यात पाटीची मांडणी पक्की झाली. या हकीकतीतलं पहिलं वैद्यकीय चित्र वेल्सचं नाही. ते त्या कारागिराचं, रुग्णाच्याच कपाळावर मारलेल्या रेघेचं. वेल्सनं नंतर जे काढलं त्यात चेहरा आहे, आणि बाजूला मेणाच्या पत्र्याची व कातडी वळवण्याची छोटी रेखाचित्रं. चेहरा पाहून माणसाचा विश्वास बसतो, आणि रेखाचित्रं पाहून दुसऱ्याला तेच करता येतं.

आणि ते करून पाहिलंही गेलं. लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं १८१४ मध्ये याच पद्धतीनं शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन रुग्णांची हकीकत सचित्र छापली. दोघेही ब्रिटिश फौजेतले अधिकारी. कपाळाच्या कातडीच्या या पद्धतीला प्लास्टिक सर्जन आजही भारतीय पद्धत म्हणतात.

२४ फेब्रुवारी

चार्ल्स बेलची पाटी. चेहऱ्याचा लकवा त्याच्या नावानं ओळखला जातो तोच हा बेल. सर्जन आणि चित्रकार दोन्ही एकाच अंगात. १८०९ मध्ये कोरुन्याच्या लढाईतून परतलेले जखमी त्यानं हॅसलरच्या आरमारी रुग्णालयात पाहिले आणि रंगवले. १८१५ मध्ये वॉटर्लूची बातमी येताच ब्रुसेल्सला जाऊन हात दुखेपर्यंत शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या गर्दीतच स्केचेस केली. नंतर त्यांचे जलरंग झाले.

बेल चेहरा गाळत नाही. तलवारीनं फाटलेल्या पोटाच्या वर माणसाच्या ओठांची वेदना तो रेखाटतो. सर्जनला तिचा उपयोग नाही असं आधी वाटलं. पण ज्यानं वॉर्डात रात्रपाळी केली आहे त्याला विचारा. धक्का बसलेला रुग्ण आणि ताप चढलेला रुग्ण यांचे चेहरे वेगळे असतात, आणि तो फरक नाडी धरायच्या आधी दिसतो.

५ मार्च

अमेरिकेच्या यादवी युद्धाची पाटी लवकर उरकली. १८६२ मध्ये तिथल्या सर्जन जनरलनं लष्करी वैद्यकीय संग्रहालय सुरू केलं आणि पलटणींच्या डॉक्टरांना कळवलं, की गोळ्या, तुटलेली हाडं, कापलेले अवयव फेकू नका, आमच्याकडे धाडा. संग्रहालयात हर्मन फेबर आणि एडवर्ड स्टाउख असे चित्रकार नेमले. त्यातून १८७० ते १८८८ या काळात युद्धाचा वैद्यकीय इतिहास सहा जाड खंडांत निघाला. स्टाउखची रुग्णालयातल्या सडणाऱ्या जखमांची रंगीत चित्रं भयंकर नेमकी आहेत. रोग शिकवायला उत्तम, पण माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडून नवं काही मिळालं नाही. एक चित्र, चार ओळी, पुरे.

११ मार्च

आता मुख्य माणूस. हेन्री टोंक्स, जन्म १८६२. आधी सर्जन, मग वैद्यकी सोडून लंडनच्या स्लेड कलाशाळेत चित्रकलेचा मास्तर. विद्यार्थी त्याला चळचळा कापत. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, पन्नाशी उलटलेला हा मास्तर फौजेच्या वैद्यकीय दलात लेफ्टनंट होऊन अल्डरशॉटच्या रुग्णालयात आला. तिथे हॅरॉल्ड गिलीस हा न्यूझीलंडचा तरुण सर्जन फुटलेले चेहरे जोडायचं काम उभं करत होता. खंदकाच्या लढाईत डोकं वर काढलं की गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा थेट चेहऱ्यावर. सोमच्या लढाईला १ जुलै १९१६ रोजी तोंड फुटलं तेव्हा गिलीसनं दोनशे जणांची सोय केली होती. आले दोन हजारांच्या घरात.

१९१७ मध्ये सिडकपला खास रुग्णालय झालं आणि काम तिकडे हललं. टोंक्सची सत्तरेक पेस्टल चित्रं शिल्लक आहेत, बहुतेक लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे.

कॅमेरा होता, एक्स-रे होता, मग म्हाताऱ्याला खडू घेऊन का बसवलं? पाहणारे पहिला प्रश्न हाच विचारणार, म्हणून उत्तर नीट हवं. दोन कारणं. त्या वेळी कॅमेऱ्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल ते सगळं काळं उतरायचं. जखमेत तर लाल रंगाचीच भाषा असते: भरून येणारं दाणेदार लाल मांस चांगलं, करडं-पिवळं मेलेलं मांस वाईट, काळं त्याहून वाईट. दुसरं कारण रेषेचं. गिलीसला पुढच्या शस्त्रक्रियेसाठी कातडी कुठून कुठे वळवली हे हवं होतं. रक्त, चिमटे, टाके, कापूस बाजूला सारून तेवढंच दाखवणारी पेनची रेखाटनंही टोंक्सनं केली. एकाच माणसाच्या चेहऱ्याचं पेस्टल आणि त्याच्या शस्त्रक्रियेची कोरडी आकृती शेजारी ठेवली की या कामाचे दोन हात दिसतात.

१३ मार्च

प्लेटांची गोष्ट नुसती लिहून कोणाला पटणार नाही. घरच्या पांढऱ्या ताटलीत ओलं कुंकू, काजळ आणि दह्याची साय शेजारी शेजारी ठेवून भाच्याकडून फोटो काढवला. त्यानं संगणकावर फोटोतला लाल भाग काढून टाकला आणि उरलेलं कृष्णधवल केलं. कुंकू आणि काजळ सारखेच काळे. बायकोनं ताटली पाहून एवढंच विचारलं, की हे धुणार कोण.

हा जोडफोटो टोंक्सच्या पाटीखाली जाईल.

चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबलावर मांडून काढलेली छायाचित्रं आठवली. कॅमेऱ्यालाही गाळता येतं, पण आधी वस्तू आपल्या मर्जीनं मांडाव्या लागतात. जखम मर्जीनं मांडता येत नाही.

२७ मार्च

टोंक्सच्या पद्धतीचा एक नमुना मीच पेस्टलमध्ये करतो आहे, कोणा खऱ्या रुग्णाचा चेहरा न घेता. करड्या कागदावर आधी हाडाचा सांगाडा मनात धरून साच्याची रेषा, मग कातडीचा मधला रंग, आणि शेवटी जखमेतला लाल. दुपारी कूलर बंद ठेवावा लागतो, नाहीतर खडूची भुकटी उडून कागदभर बसते. मार्चमध्येच घामानं हात भिजतो आणि मनगटाखालचा रंग उचलला जातो. बोरूची काठी टेकून हात अधांतरी ठेवला.

शेजारचे आप्पा आले. फौजेच्या मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते, हवालदार म्हणून घरी आले. बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले.

“कोन शे हाऊ?”

“कोणी नाही, आप्पा. मनानं काढलाय.”

“मनानं कसा? जबडा इथून गेला म्हणजे जीभ मागे पडते. याला उताणा ठेवशील तर गुदमरून मरेल. बसवून काढ, पुढे वाकलेला.”

गिलीसच्या काळातही हेच लक्षात आलं होतं. खालचा जबडा उडालेला शिपाई स्ट्रेचरवर उताणा नेला की वाटेतच जायचा. मी त्याला बसवून, मान थोडी पुढे घेतलेला काढतो आहे. आप्पांचं दुसरं म्हणणं असं, की ड्रेसिंग कोणी आणि कधी बांधलं याची चिठ्ठी अंगावर हवी. ती मी गाळली. चिठ्ठी दाखवली की चित्र प्रसंगाचं होतं, जखमेचं राहत नाही. आप्पांना पटलं नाही. चहा मात्र घेतला.

७ एप्रिल

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन पाट्या. पहिली कार्बनच्या भुकटीची. मॅक्स ब्रोडेल हा लाइपझिगमध्ये शिकलेला चित्रकार अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेला, आणि वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग १९११ मध्ये त्याच्या हाताखाली सुरू झाला. त्याचं तंत्र मी नोकरीत वापरलं आहे. खडूचा थर दिलेल्या बोर्डावर कार्बन पेन्सिलीची भुकटी कोरड्या कुंचल्यानं पसरायची, आणि ओल्या मांसावरची चमक धारदार पात्यानं खरवडून काढायची. पांढरा रंग वापरायचाच नाही, तो खालचा बोर्डच देतो. मूत्रपिंडाचं ओलसर झाक असलेलं आवरण दुसऱ्या कशानं इतकं खरं उतरत नाही. जे समजलं नाही ते काढायचं नाही, हा ब्रोडेलचा नियम. पेन्सिल धरायच्या आधी तो विच्छेदन करायचा.

ब्रोडेल १९४१ मध्ये वारला, पण त्यानं विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली होती. त्या युद्धात अमेरिकी फौजेनं चित्रकार आणि छायाचित्रकारांच्या वैद्यकीय तुकड्याच आघाड्यांवर पाठवल्या.

दुसरी पाटी इंग्लंडच्या दोन बायकांची. ईस्ट ग्रिनस्टेडला गिलीसचा नातलग आर्चिबाल्ड मॅकिन्डो विमानात होरपळलेल्या वैमानिकांवर काम करत होता. तिथे मॉली लेंतेन ही स्वयंसेवक परिचारिका ऑपरेशन थिएटरात उभी राहून पेन्सिलीनं टप्पे टिपायची. सेंट ऑल्बन्सजवळ हिल एंडला डायना ऑर्पेन तेच करायची. तिचा बाप विल्यम ऑर्पेन पहिल्या महायुद्धाचा नावाजलेला चित्रकार, आणि टोंक्सचा विद्यार्थी.

दोघींचं काम पाहताना माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पेस्टलला सवड असते, इथे नाही. टाका पडतो, पुढचा टप्पा सुरू होतो. रेषा चुकली तर खोडायला वेळ नाही, म्हणून रेषा कमी. एक कड, एक देठ, एक बाण. नोकरीत मी थिएटरात उभा राहिलो आहे, टेबलाभोवतीच्या खांद्यांच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढ्यावर काम करायचं असतं, आणि दिव्याची सावली नेमकी हव्या त्या जागेवर पडते. शिकवायला येणारे विचारतात, हुबेहूब कसं काढायचं. त्यांना या दोघींची चित्रं दाखवावी.

१५ एप्रिल

वाचनालयाच्या बैठकीत टोंक्सच्या चेहऱ्यांवरून वाद. ग्रंथपाल ताईंचं म्हणणं रास्त होतं: खाली बालविभाग आहे, पोरं जिना चढून येतात. एकांनी सुचवलं, चेहरे वगळा, आकृत्या ठेवा. माझा विरोध. आकृत्या पाहून माणूस विसरला जातो आणि नुसती कलाकुसर राहते.

सिडकपला रुग्णालयापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाक निळे रंगवले होते. त्यावर बसलेला माणूस कसा दिसेल याची गावकऱ्यांना आधीच कल्पना यावी म्हणून. टोंक्सलाही ही चित्रं सर्वसामान्यांपुढे मांडणं रुचत नव्हतं. हे दोन्ही मी बैठकीत सांगितलं, आणि दोन्ही बाजूंनी ते आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरलं.

ठरलं असं: आधी कपाळावरच्या रेघेची पाटी, मग आकृत्या, आणि चेहरे शेवटच्या कोपऱ्यात आडव्या पडद्यामागे. तिथवर येणारा माणूस तोपर्यंत जखमेत काय पाहायचं ते शिकलेला असेल. रुग्णांची नावं पुस्तकांत सापडतात, पण पाटीवर घालणार नाही. मुलांना पालकांबरोबरच आत सोडायचं.

२९ एप्रिल

बारावी पाटी. आज १९१६ मध्ये कूतला इंग्रज फौज तुर्कांना शरण गेली तो दिवस, हे लिहायला बसल्यावर लक्षात आलं. तिथे, मेसोपोटेमियात (आताच्या इराकमध्ये), वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्याआधी टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीतल्या बोटींवर उघड्यावर, दिवसेंदिवस ड्रेसिंग न बदलता मागे आणलं गेलं. मेसोपोटेमिया आयोगाच्या १९१७ च्या अहवालात त्या वैद्यकीय अनास्थेवर कडक ताशेरे आहेत, आणि त्यापायी लंडनमधले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

टोंक्सला चित्र काढता आलं, कारण जखमी माणूस त्याच्यासमोर स्वच्छ खाटेवर महिनोन्‌महिने होता. टायग्रिसवरच्या बोटीत खाटच नव्हती. या पाटीवर चित्र नाही, वरचा मजकूर तेवढा. समितीनं मधे नदीचा नकाशा घाला म्हटलं. घालतो, पण लहान.

८ मे

धुळ्याहून छपाईचे नमुने आले. सनबोर्डवर लाल रंग केशरी झाला आहे, म्हणजे जखम बरी झाल्यासारखी दिसते. छापणारा म्हणतो, स्क्रीनवर बरोबर होतं. मूळ पेस्टल घेऊन उद्या सकाळच्या एसटीनं जातो, शेजारी ठेवून रंग जुळवून घेईन. निळा किंचित वाढवला की बहुतेक जमेल.

पहिल्या पाटीपाशी टेबल मांडून लोकांना मेणाचा पत्रा स्वतः करू द्यायचा आहे. पारा चव्वेचाळीसवर. हॉलमध्ये पत्रे आपोआप मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, म्हणून थर्मासच्या डब्यात, प्रत्येकाच्या मधे बटर पेपर घालून ठेवायचे. स्वयंसेवक मुलांना सांगायच्या गोष्टी: पाणी कोमट, उकळतं नाही. नाक घडवून झालं की उलटं करून सपाट करायचं. आणि रेघ मेणाच्या कडेला चिकटून नाही, जरा बाहेरून मारायची.